दारापर्यंत गेलेली कानबाई

मागच्या श्रावणात मी घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची धुळ्याची आजी, डोक्यावर चौरंग घेऊन उठते आहे. चौरंगावर नथ घातलेली कानबाई आहे, आणि एक झेंडूचं फूल माळेतून सुटून हवेत थांबलं आहे. तुम्ही दोघा नातवंडांनी त्याला लाल बदाम पाठवलेत. तुमच्यातल्या थोरलीने लिहिलं, ‘आजी, परफेक्ट टायमिंग!’ मी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले आणि फोन उपडा ठेवला.

त्या शाबासकीत माझं काय होतं आणि काय नव्हतं, ते सांगते. सुरुवात फोटोच्या क्लासपासून करावी लागेल.

तुमचे बाबा गेल्या खेपेला आले तेव्हा त्यांचा जुना कॅमेरा इथेच ठेवून गेले. वस्तू नुसती पडून राहिलेली मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. जळगावात आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तरुण शनिवार-रविवार फोटोग्राफी शिकवतो. तिथे नाव घातलं. बाकीचे विद्यार्थी कॉलेजातले. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मी कुणाला तरी पोचवायला आले आहे. मी पहिल्या बाकावर बसून वही उघडली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “आता हजेरी होणार रे.” त्यांचं चुकलं नाही. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि माझ्याकडे बघून ते कळतं.

सर माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांना मी सर म्हणायची, ते मला मॅडम. कॅमेऱ्याचे आकडे मला लवकर जमले, कारण आकडे पाठ करता येतात. अडचण रस्त्यावर आली. सर आम्हाला बाजारात नेत, टॉवर चौकाच्या आसपास नेत, बसस्टँडवर उभे करत आणि सांगत, “आधी जागा ठरवा. चौकट ठरवा. मग वाट बघा. माणूस तुमच्या चौकटीत येईल. आणि तो आला की नाही, येतोय असं वाटलं की दाबा.”

मला ते येतोय असं वाटणं काही जमेना. मी खात्री झाल्यावर दाबायची. खात्री होईपर्यंत माणूस गेलेला असायचा. माझ्या फोटोंत पाठी, टाचा, अर्ध्या सायकली आणि बंद होणारी दारं. एकदा सरांनी माझे फोटो पडद्यावर लावले आणि हसू आवरत म्हणाले, “मॅडम, तुमच्या जळगावातून सगळे नुकतेच निघून गेलेत.”

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा पेपरमागून म्हणाले, “बस कधी चुकली नाही तुझी. फोटो बरा चुकतो.”

उन्हाळ्यात आम्ही टरबुजांचे फोटो काढायला मार्केटला गेलो. ट्रकवरचा माणूस टरबूज खाली फेकतो, खालचा झेलतो आणि ढिगावर ठेवतो. टरबूज दोघांच्या मध्ये, हवेत असताना फोटो घ्यायचा होता. माझ्याकडे एकतर फेकणाऱ्याचे रिकामे हात येत, नाहीतर झेलणाऱ्याचे भरलेले. शेवटी मी पुढे होऊन म्हटलं, “अहो, पुन्हा एकदा फेका. जरा हळू.”

झेलणारा हसायला लागला. “हळू फेकलं तर फुटतं, मावशी! तुम्हीच या झेलायला!”

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, एवढं एक करू नका. रस्त्यावर पुन्हा म्हणायचं नसतं. गेलं ते गेलं.”

मी मान डोलावली. पण ‘पुन्हा’ हा शब्द माझ्या तोंडात किती मुरलेला आहे, ते त्यांना काय माहीत! कविता चुकली, पुन्हा. उच्चार चुकला, पुन्हा. प्रार्थनेची रांग वाकडी झाली, सगळ्यांनी मागे, पुन्हा. माझ्या शाळेत मी पुन्हा म्हटलं आणि झालं नाही, असं कधी घडलं नव्हतं.

आता कानबाईचं. तुमच्या आईने थोडं सांगितलं असेल, पण मी नीट सांगते. कानबाई ही आपल्या खान्देशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर जाते. चौरंगावर कलश, त्यावर नारळ, नारळाला नथ, डोळे, दागिने, मागे लाल वस्त्र, बाजूंना केळीचे खांब. खाली गहू पसरून त्यावर चौरंग ठेवतात. त्यासाठी आधी घर झाडून-पुसून, रंग देऊन लख्ख करतात आणि भाऊबंद कुठे कुठे विखुरलेले असतात ते सगळे येतात. रोट म्हणून जो नैवेद्य होतो, तो फक्त कुळातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला घास नाही.

ही कानबाई आपल्या कुळात थोरल्या सुनेच्या घरी बसते. म्हणजे माझ्या घरी बसायला हवी होती. सासूबाई थकल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला शाळा आहे, मला ते सोवळं, ते रोट जमायचे नाहीत. खरं म्हणजे माझा विश्वास नव्हता, आणि तसं म्हणायचं धैर्य नव्हतं. धाकटीने काही न बोलता कानबाई धुळ्याला नेली. तेव्हापासून धुळ्याच्या नुसत्या नंबराने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत, तिच्या घरात ती बसते आणि मी दरवर्षी पाहुणीसारखी जाते, दोन डबे लाडू नेते, रोटांच्या गव्हाच्या ताटाला रिवाजापुरता हात लावते आणि परत येते.

धाकटी मला अक्का म्हणते. ती माझ्याहून फार लहान नाही. पण थोरलीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं तिला तिच्या आईने सांगून पाठवलं होतं आणि ती ते आजवर पाळत आली आहे. मी कधी तिच्यावर हुकूम गाजवला नाही, असं मला वाटायचं. आता वाटतं, गाजवायची वेळच येत नव्हती. मी काही म्हणायच्या आत ती ते करत होती.

गेल्या वर्षी तिच्या सुनेला पाचवा महिना होता. त्या मुलीचं हे तिसरं गर्भारपण. आधीची दोन टिकली नव्हती. दोन्ही वेळा धाकटीनेच तिचं बाळंतिणीसारखं केलं होतं, नुसतं बाळ नव्हतं. त्यामुळे यंदा घरात सगळे जपून बोलत होते, जिन्यावरून उतरताना तिचा हात धरत होते.

रविवारी दुपारी मी कॅमेरा घेऊन पोचले. क्लासचं एक प्रदर्शन दिवाळीनंतर धुळ्यातच व्हायचं होतं आणि प्रत्येकाने एकेक फोटो द्यायचा होता. माझ्याकडे देण्यासारखा एकही नव्हता. कानबाई निघते तो क्षण घ्यायचा, असं मी ठरवून आले होते. संध्याकाळी आरती झाल्यावर मी उजेड कुठून येतो, दार कुठे येतं, कुठे उभं राहायचं, हे बघत होते. सून माझ्याजवळ येऊन बसली.

“काकू, आईंनी नवस केलाय,” ती म्हणाली. “दरवर्षी कानबाई चौकाचौकांत टेकवतात ना, बायका ओट्या भरतात, फुगड्या खेळतात. यंदा उचलल्यापासून नदीपर्यंत कुठेच टेकवणार नाहीत. सगळी वाट डोक्यावर. बाळासाठी.”

“झेपेल का तिला?”

“मी तेच म्हटलं. तर म्हणाल्या, तू तुझं ओझं सांभाळ, मी माझं.”

मी ‘वा’ म्हटलं. मला आठवतं, मी वा म्हटलं आणि पुन्हा खिडकीकडे बघितलं, कारण पडदा अर्धा ओढला तर उजेड बरोबर चौरंगावर पडेल की काय, हे मला ठरवायचं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मला सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी बाहेर वाजंत्री उभी होती. घरात बायकांची दाटी. माझ्या चुलतसासूबाई नरडाण्याजवळच्या गावाहून आल्या होत्या. त्या फार वृद्ध, खुर्चीवर बसून सगळ्यांना सूचना देत होत्या. सून आरतीचं ताट घेऊन दाराजवळ. धाकटी नवं लुगडं नेसून, डोक्यावर चुंबळ ठेवून, चौरंगापुढे पाटावर उकिडवी बसली. दोघी बायकांनी चौरंग गव्हावरून उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. तिने डोळे मिटले. आता ती उठणार, हे मला दिसत होतं. सर म्हणतात तसं वाटतही होतं. बोट बटणावर होतं. पण मी खात्री व्हायची वाट बघितली.

जयजयकार झाला, ती उठली आणि वळून दाराकडे निघाली. मी दाबलं तेव्हा माझ्यासमोर तिची पाठ होती. नेहमीप्रमाणे.

“थांब गं!” मी मोठ्याने म्हटलं. “नीट आला नाही. परत बस. पुन्हा एकदा उठ.”

ती दारात थांबली. पुढचा पाय उंबऱ्याशी होता. बाहेर वाजंत्रीवाल्यांनी उचललेली सनई खाली घेतली. घरातल्या बठ्ठ्या बाया, सगळ्याजणी, गप्प झाल्या. चुलतसासूबाई तेवढ्या बोलल्या.

“उठेल कानबाई परत बठाडतस नई, व माय.”

उठलेली कानबाई पुन्हा बसवत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. रागाने नाही. लहान मुलाला सांगावं तसं. मी ऐकलं आणि मला वाटलं, जुन्या माणसांचं असतंच काहीतरी. मी कॅमेरा डोळ्याला लावून वाकून उभी होते. “एकदाच,” मी म्हटलं. “मिनिटाचं काम.”

धाकटीने आधी सुनेकडे बघितलं. मग माझ्याकडे. डोक्यावर ओझं असल्यामुळे तिला मान वळवता येत नव्हती, तिने नुसते डोळे वळवले. मग ती मागे आली. बायकांनी चौरंग उतरवला, गव्हात चार पायांच्या खुणा होत्या त्यांतच तो टेकवला. ती पुन्हा पाटावर बसली. पुन्हा डोक्यावर चौरंग. पुन्हा जयजयकार, पण आधीपेक्षा बारीक. ती उठली आणि मी दाबलं. फूल सुटलं तेही बरोबर त्याच वेळी. माझ्या आयुष्यातला पहिला वेळेवर आलेला फोटो.

नंतर ती पांझरा नदीपर्यंत चालली, अनवाणी, कुठेही न टेकवता. मी बाजूने फोटो काढत चालले. मला तिची कमाल वाटत होती. ती नवस फेडते आहे, असंच मी समजत होते. दुपारी रोट जेवताना ती माझ्या पानात वाढायला आली आणि दोनदा नको म्हणूनही वाढून गेली, माझ्याकडे न बघता. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी तो एकच फोटो मोठा करून बघत होते. एरंडोल यायच्या आत तुम्हाला पाठवलाही.

पंधरा-वीस दिवसांनी सुनेचा फोन आला. आवाज हळू, बहुधा गच्चीवरून बोलत होती.

“काकू, तुम्ही आईंना जरा समजवा. त्या मला खालीच उतरू देत नाहीत. सोमवार धरलेत, पाणीसुद्धा पीत नाहीत. मी कूस बदलली तरी येऊन बघतात. डॉक्टर म्हणतात सगळं चांगलं आहे. त्या म्हणतात, डॉक्टरला काय माहीत काय झालंय ते.”

“काय झालंय?”

“तुम्हाला माहीत नाही का, काकू?”

मी त्याच दिवशी धाकटीला फोन केला आणि शाळेत समजावत असे तसं मुद्देसूद समजावलं. नारळ तो नारळ. लाकूड ते लाकूड. गर्भ टिकतो न टिकतो त्याला शरीराची कारणं असतात. तू शिकलेली आहेस, नातू-नात बघायची तर त्या पोरीला भीती घालू नकोस. तिने मधे एकदाही तोडलं नाही. थोरली बोलत होती ना!

माझं संपल्यावर ती म्हणाली, “अक्का, एक सांगू? पहिल्यांदा उचलली तेव्हा जड होती. दरवर्षी असते. मानेतून खाली पाठीपर्यंत उतरते. दुसऱ्यांदा उचलली ती हलकी लागली.”

“दमल्यावर असं वाटतं.”

“दमल्यावर जड लागतं, अक्का. हलकं नाही.” मग तिने विचारलं, “मग मी नदीवर कुणाला नेलं? लोक वाटेत हात जोडत होते. मला एवढी लाज वाटत होती. ती पहिल्यांदाच उठून गेली असेल तर एकटीच गेली ना.”

मी म्हटलं, “औषधं वेळेवर दे तिला,” आणि फोन ठेवला. तुमच्या आजोबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, बरं आहे सगळं.

देवीवर माझा तेव्हा विश्वास नव्हता आणि आजही मी काही वेगळं म्हणणार नाही. पण त्या बाईच्या डोक्यावरून मी काहीतरी काढून घेतलं होतं. तिला ते काय आहे ते माहीत होतं. मला नव्हतं. आणि तिने ते मला काढू दिलं होतं, कारण मी थोरली होते.

क्लासमध्ये सरांनी तो फोटो पडद्यावर लावला. कुणीतरी शिटी वाजवली. सर म्हणाले, “हे बघा. बायकांचे हात नुकते सुटलेत, टाच नुकती उचलली आहे, फूल हवेत. याच्या आधी नाही, नंतर नाही. मॅडम, किती वाट बघितलीत?”

मी म्हटलं, “बराच वेळ.”

प्रदर्शनासाठी तोच ठरला. मोठा करून, काळ्या चौकटीत.

दिवाळीनंतर धुळ्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. मी धाकटीला कळवलं नव्हतं. तिच्या मुलाने कुठेतरी जाहिरात बघितली आणि काकूचा सत्कार असल्यासारखा सगळ्यांना घेऊन आला. सून माहेरी जायची होती, सातवा संपत आला होता, तीही हात कमरेला लावून हळूहळू चालत आली. मागून धाकटी. ती फोटोसमोर येऊन उभी राहिली. सरांनी तिला ओळखलं आणि आनंदाने पुढे आले.

“काकू, तुम्हीच ना या? मॅडमनी काय वेळ साधली आहे! तुम्ही कानबाई उचललीत, बरोबर तेव्हाचा क्षण आहे हा.”

धाकटीने पदर खांद्यावरून पुढे घेतला. “हो,” ती म्हणाली. “तेव्हाचाच.”

माझ्यासाठी म्हणाली. चारचौघांत थोरलीचा शब्द खाली पडू नये म्हणून.

मी तेव्हाही गप्प राहिले. कॉलेजातल्या मुली तिच्याबरोबर सेल्फी काढत होत्या आणि ती फोटोकडे पाठ करून उभी होती.

घरी गेल्यावर सून आतल्या खोलीत आडवी झाली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो. मी खूप वेळ शब्द जुळवत होते. तीच आधी बोलली.

“पहिल्या वेळचा निघालाच नाही का, अक्का?”

“निघाला. पण वाईट आहे. पाठ आहे नुसती.”

“दाखवा बरं.”

मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि शोधून तिच्या हातात दिला. त्या फोटोत ती दारात आहे, पाठमोरी. पुढून उजेड येतो आहे त्यामुळे तिची आकृती काळसर. चौरंगाची मागची बाजू आणि लाल वस्त्र तेवढं दिसतं. कडेला सुनेचा हात आणि त्यातल्या ताटात दिवा. खाली गव्हात चार पायांच्या गोल खुणा. सरांच्या भाषेत, उशीर झालेला फोटो.

धाकटीने चष्मा चढवला. तो फोटो मोठा करायला मी तिला शिकवलं. ती बोटाने बटण दाबत दाबत मानेपर्यंत गेली.

“मान बघा,” ती म्हणाली. “खांद्यात गेली आहे पार. आहे ती. इथे आहे.”

मग ती सोललेल्या दाण्यांत टरफलं टाकायला लागली. मी म्हटलं, “माझं चुकलं.” हे मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा म्हटलं असेन. तिला ते ऐकून बरं वाटलं असं मला दिसलं नाही. उलट ती अवघडली.

“तुम्हाला सांगितलं होतं का पोरीने? नवसाचं?”

“सांगितलं होतं.”

तिने मान हलवली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, “मग आता नवस तुमच्याकडे आला. येत्या श्रावणात तुम्ही उचला. घरातून नदीपर्यंत, न टेकवता. तशीही ती तुमचीच होती.”

“मला झेपणार नाही गं. गुडघे बघ माझे.”

“मी बाजूने चालेन. तोल गेला तर हात देईन. पण टेकवू देणार नाही.” आणि मग, पहिल्यांदाच थोडं हसून, “आणि मी म्हणेन तेव्हा उठायचं. वाट बघत बसायचं नाही.”

पुढच्या शनिवारी मी सरांना सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, पुष्कळ जण तसं करतात, कुणाला कळत नाही.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “पण मी तुम्हाला टरबुजांच्या वेळी सांगितलं होतं.” त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच सरांचा अधिकार आला आणि मला तो योग्य वाटला. फोटो त्यांनी क्लासच्या संग्रहातून काढला. त्या जागी मी तो पाठमोरा दिला. त्यांनी तो निरखून म्हटलं, “हा उशिराचा आहे.” मी म्हटलं, “हो. तसाच राहू द्या.”

सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. साक्रीहून तिच्या माहेरच्यांनी तिला रातोरात धुळ्याला आणलं. मुलगी झाली, पण इतकी लहान, की काचेच्या पेटीत ठेवावी लागली. मी पहिल्या बसने गेले. दवाखान्याच्या बाकावर धाकटी बसली होती. मी शेजारी बसले. ती मला एक शब्दही लावून बोलली नाही. ‘अक्का, चहा घेतलात का?’ एवढंच विचारलं. तिने मला दोष दिला असता तर मी नारळ तो नारळ म्हणून भांडू तरी शकले असते. त्या दिवसांत मी बाकावर बसून काय काय कबूल केलं, कुणाजवळ केलं, ते तुम्हाला सांगत नाही. माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

बाळ पेटीतून बाहेर आलं. आता गुटगुटीत आहे, तुम्ही व्हिडिओवर बघताच. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पहिल्या दोन वेळांचा इतिहास होता. हे खरं असणार. धाकटी म्हणते, देवीने ताकीद दिली आणि सोडलं. मी दोन्ही ऐकून घेते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तो फूल हवेत असलेला फोटो तुमच्या फोनमध्ये असेल तर काढून टाका. दुसरा आज पाठवला आहे. त्याला लाल बदाम पाठवायची गरज नाही. त्यात तुमच्या धुळ्याच्या आजीची मान तेवढी मोठी करून बघा.

श्रावण जवळ आला आहे. धाकटीने जुना चौरंग पाठवून दिला आहे, सरावासाठी. सकाळी ऊन चढायच्या आत मी गच्चीवर डोक्यावर चुंबळ ठेवते, तुमचे आजोबा चौरंग ठेवतात, त्यावर गव्हाची पिशवी, आणि मी पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत फेऱ्या घालते. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्यांत मान आखडायची. आता बरं जमतं. चालताना मी काय विचार करते, असं आजोबांनी विचारलं. मी सांगितलं नाही. मी एवढाच विचार करते, की त्या सोमवारी मला ती जड लागेल की हलकी. आणि हलकी लागली तर धाकटीला खरं सांगायचं की नाही.

काल आजोबांनी फोटो काढायला माझा फोन हातात घेतला होता. मी टाकीकडून येत होते. त्यांच्या समोरून गेले, जिन्याशी पोचले, तोवर मागून आवाज आला.

“थांब गं, हललं. पुन्हा एकदा ये.”

मी मागे वळले नाही. वळता येत नव्हतंच. तशीच कठड्याला हात लावून जिना उतरू लागले.